बंब न पेटलेली सकाळ

जगातलं सगळ्यात निरोगी गाव कुठलं असं कुणी विचारलं, तर मी छाती पुढं काढून सांगायची, पळसदेव. माझं सासर. उगाच सासरच्या अभिमानानं नव्हे, पुराव्यानिशी. बायकांच्या योनिमार्गात होणाऱ्या जंतुसंसर्गावर बारामतीत एक संशोधन चालू होतं, त्यात मी नोकरीला. गावोगाव जायचं, बायकांना एकेक कापसाची काडी द्यायची, पडद्याआड त्यांनी ती स्वतःच आतून फिरवून आणायची, मी ती काचेवर टेकवायची आणि बारामतीला नेऊन मायक्रोस्कोपखाली बघायची. खेड्यात कुठली तपासणी चालते, कुणाला कुठलं औषध लागू पडतं, हे शोधायचं काम. बाकीच्या गावांच्या काचा म्हणजे आठवडी बाजार, नाही नाही ते जंतू गर्दी करून बसलेले. आणि पळसदेवच्या काचा? धुतल्या तांदळासारख्या. त्या काचेत बघून खुशाल केस विंचरावेत.

संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे नुसतं मॅडम म्हणायचो, त्यांनी आधी कौतुक केलं. दुसऱ्या शिबिरालाही तसंच निघाल्यावर त्यांनी चष्मा पुसला. मग मायक्रोस्कोप पुसला. मग मला विचारलं, की तुमच्या गावच्या पाण्यात काय आहे? मी उजनी धरणाच्या पाण्याची बाटली भरून आणली. पाण्यात पाणीच निघालं.

गंमत म्हणजे, या निरोगी गावातल्या बायका मला रस्त्यात गाठून कानात तक्रारी ओतायच्या. कुणाला पांढरं जातंय, कुणाला खाज, कुणाला जळजळ, कुणाला वास. पोत्यानं तक्रारी, आणि काचेवर चिमूटभरही जंतू नाही. गावाच्या या निरोगीपणावर मी हसले असते, पण त्याच रांगेत माझी धाकटी जाऊ उभी होती.

ही कऱ्हाटी गावची लेक. लग्नात हिनं एवढा लांब उखाणा घेतला होता, की पंगतीतला भात गार झाला, वऱ्हाडातलं एक पोर उपाशीच झोपलं आणि तरी नवऱ्याचं नाव यायचं बाकी होतं. जीपमध्ये बायकांच्या मधोमध बसायची आणि पुढच्या गावापर्यंत सगळ्यांच्या नवऱ्यांच्या नकला करून दाखवायची. अशी बाई गेली दोन वर्षं हळदीकुंकवाला दारातच बसत होती. जीपमध्ये अगदी मागं, वाऱ्याला. कारण विचारलं तर एकदा कधीतरी म्हणाली होती, "वास येतोय आक्का. लोक म्हणतील कुठनं येतोय."

उपाय काय कमी झाले? गुलकंद झाला, सब्जा झाला, धन्याचं पाणी, तांदळाचं धुवण. उष्णता हाय, असं सासूबाईंचं निदान. तिच्या पोटात एवढा गारवा गेला होता, की दारात बर्फाचा कारखाना काढता आला असता. खाज मात्र होती तिथंच.

शेवटी घरात ठरलं, पिशवी काढून टाकायची. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडं सगळी मोठी कामं ऊस गेल्यावर होतात. लग्न ऊस गेल्यावर, बोअर ऊस गेल्यावर, आणि बाईची पिशवी काढायची तर तीही ऊस गेल्यावर. सासूबाईंनी स्वतःची काढलेली, त्यांच्या बहिणीची काढलेली, शेजारणीची काढलेली. देवाला जाऊन आल्यासारख्या त्या एकमेकींना विचारायच्या, "तुझी झाली का गं?" तिशीही न गाठलेल्या बाईचं गर्भाशय काढायचं म्हणजे काय, हे मी सांगून सांगून घसा बसवला. मॅडमनी तर स्पष्ट सांगितलं, की आजार योनिमार्गात असेल तर गर्भाशय काढून तो जाणार नाही. घर साफ करायला निघालोय म्हणून माळवद पाडतं का कुणी?

पण माझीच काच माझ्यावर उलटली. जाऊची काडी दोन्ही शिबिरांत स्वच्छ निघाली होती. ते कळल्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बघ थोरले. तुझ्या काचंत काय न्हाय म्हंजे दुखणं पिशवीतच हाय."  शेजारच्या शिवारात कारखान्याची तोडणी टोळी उतरली होती. आमच्या उसाचा नंबर कधीही लागला असता.

म्हणून तिसऱ्या शिबिराला मी आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला गेले. एरवी आम्ही नवराबायको नोकरीपायी बारामतीत भाड्यानं राहतो, आणि मी शिबिराच्या दिवशी गाडीतून थेट गावात उतरते ती उन्हं वर आल्यावर. या वेळी म्हटलं, जाऊचं मन वळवू, दिराशी बोलू. दोघांनीही माझं सगळं ऐकून घेतलं आणि जेवून झोपायला गेले.

पहाटे उठून दारात आले तर मला वाटलं गावाला आग लागली. घराघरातून धूर. पाणी तापवायचे बंब पेटलेले, एक नाही, दोन नाही, अख्ख्या गावचे. धरणावरच्या बगळ्यांना खोकला झाला असेल एवढा धूर. आमच्या दारात सासूबाई बंबात शेंगांची टरफलं सारत होत्या.

मी विचारलं, "आत्याबाई, आज काय हाय?"

"तपासणी हाय न्हवं तुझी?"

"मग बंब कशाला?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी आत्ताच माहेरून नवी आले आहे आणि मला चूल कुठं आहे ते माहीत नाही. "घरची सून काच बघणार, आन गावानं तसंच जायचं व्हय? उद्या ती तुझी मॅडम म्हणायची, हिच्या सासरच्या बाया घाणेरड्या हायत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या शिबिरापासून सासूबाई आदल्या दिवशी घरोघर जाऊन ताकीद देत होत्या. नुसती अंघोळ नव्हे. तुरटीचं पाणी, कडुलिंबाच्या पाल्याचा काढा, आणि वर पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं ते बाटलीतलं जंतुनाशक. बाहेरून एकदा, आतून दोनदा. ज्या गावात मी परकी, तिथल्या बायका शेतातून जशा आहेत तशा यायच्या, म्हणून तिथं जंतू दिसायचे. आणि जिथं मी सून, तिथं गावानं माझी अब्रू राखायला काच कोरी करून पाठवली होती. जाऊ तर सासूबाईंच्या देखरेखीखालची. तिला सगळ्यात जास्त धुतलं होतं.

मी मॅडमना फोन लावला. बंबापासून तुरटीपर्यंत सगळं सांगितलं. मग त्या हसायला लागल्या, आणि त्यांचं हसू बारामतीहून फोनशिवायही ऐकू आलं असतं. हसून झाल्यावर म्हणाल्या की आज कुणाचीच काडी घेऊ नका. बायकांना नीट सांगा. पुढच्या वेळी मी येते, मायक्रोस्कोप घेऊन येते, काच तिथल्या तिथं बघू. काही जंतू जिवंत असतानाच ओळखू येतात, ते बारामतीच्या रस्त्यावर मरून जातात. बारामतीच्या रस्त्यावरचे खड्डे बघता मला ते लगेच पटलं.

तर त्या दिवशी काड्या नाहीत, नुसती बैठक. आमच्या पडवीत बायका दाटून बसल्या, अगदी चकचकीत, साबणाच्या वासानं घमघमणाऱ्या. गड्यांना मी चावडीकडं पिटाळलं. आणि विरजणापासून सुरुवात केली. म्हटलं, दुधाला चमचाभर विरजण लागतं की नाही? तसं बाईच्या आत देवानंच विरजण घालून ठेवलंय. चांगले जंतू असतात, ते आतली जागा आंबट ठेवतात, आणि आंबट जागेत वाईट जंतूंचा निभाव लागत नाही. तुम्ही तुरटी आणि औषधं आत घालून ते विरजणच मारून टाकता. मग वाईटाला रान मोकळं.

मागच्या रांगेतली एक म्हातारी विचार करून म्हणाली, "म्हंजे आत दही हाय म्हण की."

"मग आजी, वरनं साखर घालायची का?" दुसरीनं विचारलं, आणि पडवी जी हसायला लागली ती कोंबड्या माळ्यावर चढल्या. मी मात्र घाईनं सांगून टाकलं की घरातलं दही पानातच वाढायचं, दुसरीकडं कुठं नाही. आमच्या गावाचा भरवसा नाही.

सगळ्यांना पटलं, सासूबाई सोडून. त्या खांबाला टेकून, तोंडात मिश्री धरून बसल्या होत्या. न धुता डॉक्टरपुढं जाणं म्हणजे त्यांच्या लेखी उघड्या डोक्यानं चावडीवर जाणं. मी मातीची तपासणी सांगितली, खत टाकल्यावर कुणी नमुना काढत नाही हे सांगितलं. दुधात पाणी घालून डेअरीत फॅट लावायला नेण्याचं उदाहरण दिलं, तेव्हा तर त्यांनी मान दुसरीकडं फिरवली, कारण तो विषय आमच्या घरात नाजूक आहे.

तेव्हा दाराशी बसलेली जाऊ बोलली. दोन वर्षांत चार माणसांत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"आत्याबाई, धरणात पाणी हाय तवर जुनं देऊळ दिसतं का? पाणी उतरल्यावरच दिसतं न्हवं? माझं दुखणं बी तसंच पाण्याखाली हाय. एकदा न धुता बघू द्या. काय न्हाय निघालं तर काढा पिशवी. मी न्हाय म्हणणार न्हाय."

 उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उजनीतून वर येणारं आमचं देऊळ गावातल्या प्रत्येक बाईनं बघितलेलं. सासूबाई उठल्या, मिश्री थुंकल्या आणि म्हशीकडं गेल्या. 

मॅडम यायच्या त्या दिवशी पहाटे मी पुन्हा दारात उभी होते. गावात धूर नव्हता. एका घरातून नाही, अर्ध्या घरातून नाही. आणि गल्लीच्या तोंडाशी, हातात म्हशी वळायची काठी घेऊन, सासूबाई.

ज्यांनी गावाला धुवायला लावलं होतं त्यांनीच आता पाण्यावर बंदी घातली होती. आदल्या दिवसापासून त्या फिरत होत्या. मी फक्त आतून धुऊ नका म्हणाले होते. पण सासूबाईंचा कारभार अर्धामुर्धा नसतो. त्यांनी तोंड धुणंसुद्धा बंद केलं. कुणीतरी मोरीत गपचूप पाणी ओततंय अशी कुणकुण लागली, तर त्यांनी दाराबाहेरून काठी आपटून विचारलं म्हणे, "भांडी घासतीस का सवताला?" एकीनं गड्यांसाठी म्हणून बंब पेटवला, तर त्यात कळशीभर गार पाणी ओतून आल्या. गडी माणसं पारोशीच कामाला गेली. लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीला गेलेल्यांना तिथं काय झालं गावात म्हणून विचारलं, आणि म्हणे एसटीच्या कंडक्टरनं थंडीतही सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. हे मी बघितलेलं नाही, पण खोटं असेल असं मला वाटत नाही.

मॅडम आल्या. पडवीत शिवणयंत्राच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडला, आतल्या खोलीला साडीचा पडदा. दातांना मिश्री, डोळ्यांत झोप, केसांत शेणकुटाची भुकटी अशा बायका रांगेत उभ्या, आणि मॅडमच्या तोंडावर असा आनंद, जसा हापूसची पेटी उघडल्यावर असतो.

आणि काचा बोलायला लागल्या. एकीच्या काचेवर बुरशीच्या धाग्यांची जाळी. एकीच्या काचेवर नको त्या जंतूंचा थर, चांगल्यांचा पत्ता नाही. काहींच्या काचा खरोखरच निर्मळ, त्यांना मॅडमनी सांगितलं की थोडं पांढरं जाणं हे बाईच्या शरीराचं नेहमीचं काम आहे, रोग नव्हे. त्या तर प्रसाद मिळाल्यासारख्या घरी गेल्या. इतके दिवस एकच उष्णता नावाचं दुखणं होतं, त्याची एका सकाळी वेगवेगळी नावं झाली, आणि प्रत्येकाला वेगळं औषध.

मग जाऊ. मॅडमनी आधी तिची आतून तपासणी केली. मग काडी सामू, म्हणजे आंबटपणा, बघायच्या पट्टीवर टेकवली. ऊसवाल्यांना सामू शिकवावा लागत नाही. मातीच्या तपासणीत तो सगळ्यांनी वाचलेला असतो. आंबट असेल तर पट्टी पिवळी राहते. जाऊची हिरवट झाली. रांगेतली एक हळूच म्हणाली, "रान चोपण झालंय, खारावलंय." मॅडमनी काचेवर थेंब घेतला, डोळा लावला आणि मला नुसतं बोटानं बोलावलं.

मी बघितलं. नासपतीच्या आकाराचे, शेपट्या हलवत, धडपडत, एकमेकांना धडका देत पोहणारे जंतू. बारामतीत इतक्या काचा बघितल्या, पण असे जिवंत मी पहिल्यांदा पाहत होते.  मॅडम म्हणाल्या की हाच तो, गोळ्यांनी जाणारा.

जाऊला दाखवलं. ती कितीतरी वेळ डोळा लावून राहिली. घरच्यांना सांगायचं की नाही हे तुझ्या हातात आहे, असं मॅडम तिला म्हणत होत्या, पण तिचं लक्ष नव्हतं. मान वर करून तिनं हाक मारली, "आत्याबाई, या. बघा की, हलतंय."

सासूबाईंनी काठी भिंतीला लावली, पदर सावरला, एक डोळा मिटायला जमेना म्हणून तो हातानं झाकला आणि दुसरा लावला. आम्ही सगळ्या त्यांच्या पाठीकडं बघत उभ्या. उजनीच्या काठावर जन्म गेलेला, चिलापी मासे कसे हलतात हे त्यांना काय सांगायचं.

"हे चिलापीवानी काय हाय?" त्यांनी विचारलं. "हे पिशवीत हाय व्हय?"

"नाही आजी," मॅडम म्हणाल्या. "योनिमार्गात आहे. गर्भाशय मी तपासलंय, त्याला काही झालेलं नाही."

सासूबाई सरळ झाल्या. डोळे पुसले, म्हणजे त्या म्हणतात दुर्बिणीचा उजेड लागला. "म्हंजे," त्या म्हणाल्या, "मासं धराया निघालो आन धरणच फोडाया बसलो व्हतो."

औषध मात्र जोडीनं घ्यायचं होतं. हा जंतू नवराबायकोत ये-जा करतो; एकालाच गोळ्या दिल्या तर दुसऱ्याकडून परत मुक्कामाला येतो. कुठून आला हे विचारत बसू नका, मॅडमनी आधीच सांगितलं, तो गुपचूप कितीही काळ राहतो. दोघांनी गोळ्या पुऱ्या करायच्या, तोवर लांब राहायचं, आणि दारूला शिवायचं नाही.

दिराला बोलावलं. सहा फुटी गडी, ट्रॅक्टर एका हातानं उलटा करील, म्हणजे त्याच्या बोलण्यात. तो म्हणाला, "वैनी, मला काय झालंय? मला खाज न्हाय, आग न्हाय. बाईचं औषध मी घेऊ?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या अंगातला पाहुणा हाय त्यो, आन जेवाया हिच्याकडं येतोय. घे गिळून."

त्या आठवड्यात दिराचं अंथरूण उसाच्या रानातल्या मोटर खोलीवर गेलं. गोळी घ्यायची वेळ झाली की सासूबाई तांब्या घेऊन पुढ्यात उभ्या, आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायच्या, बैलाचे दात बघतात तसं. संध्याकाळी पारावरच्या बैठकीला गडी नाही, घरात झोपायला नाही. गावात बातमी पसरली की त्यानं कडक नवस धरलाय. दोघेजण तर त्याच्या पाया पडून गेले. त्यानं आशीर्वादही दिला.

जाऊचं आठवड्यात अर्धं दुखणं पळालं आणि थोड्याच दिवसांत उरलेलं. पुन्हा काडी घेतली, या वेळीही बंब न पेटवता. काचेवर शेपटी नाही. ही काच कोरी नव्हती, चांगल्या जंतूंनी हळूहळू परत घर मांडलं होतं, आणि मी ती मॅडमना अशी नेऊन दाखवली जशी शाळेतली ढाल. आमच्या संशोधनात त्यानंतर एक प्रश्न वाढला. काडी देण्याआधी प्रत्येक बाईला विचारायचं, की आतून धुतलंत का, आणि कशानं? त्या एका प्रश्नानं काय काय बाहेर आलं ते सांगायला बसले तर ऊस तुटून पुन्हा उगवेल. कोरी काच दिसली की आता मॅडम शाबासकी देत नाहीत, बंब पेटला होता का म्हणून विचारतात.

हे लिहायला जाऊनं परवानगी दिली ती एका अटीवर, की तिचं कमी आणि तिच्या नवऱ्याचं जास्त लिहायचं. मी माझ्या परीनं केलंय.

ऊस गेला. शेवटची खेप डांबरी रस्त्याला लागली आणि दवाखान्यात जायचा जो दिवस ठरला होता तो उजाडला. त्या पहाटे आमच्या दारात धूर होता. सासूबाई बंबात टरफलं सारत बसल्या होत्या, आणि जाऊ नवी साडी काढून ठेवत होती. कऱ्हाटीला तिच्या माहेरी चुलत बहिणीचं लग्न होतं. दवाखान्यासाठी आणलेल्या नव्या चादरीत आहेराची लुगडी बांधली होती.

"धाकटे, पानी काढलंय," सासूबाईंनी हाक दिली, आणि मग जरा दमानं, "वरनंच घे. आतनं न्हाय, सांगून ठिवते."

जीप आली. बायका चढल्या. मी सवयीनं मागच्या बाजूला तिच्यासाठी जागा धरली, तर ती मला ओलांडून पुढं गेली, दोन जाड बायकांच्या मधे घुसली, सगळ्यांना सरका म्हणाली आणि मधोमध बसली. गाडी हायवेला लागायच्या आत तिनं नवसवाल्या दिराची, म्हणजे स्वतःच्याच नवऱ्याची, तोंड उघडून दाखवायची नक्कल सुरू केली होती. सासूबाई पदरात तोंड घालून हसत होत्या. भिगवण येईपर्यंत ड्रायव्हरनं दोनदा गाडी बाजूला घेतली, त्याला म्हणे हसण्यामुळं रस्ता दिसेना.